भावजींची विलायती मंडळी

आमच्या जोयडा तालुक्यात वाघ किती आहेत हे फॉरेस्टवाल्यांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण सातासमुद्रापलीकडच्या एका विलायती बँडमध्ये सध्या कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची बायको माहेरी गेली आहे आणि कुणाचा घसा बसला आहे, हे खडानखडा सांगणारा माणूस साऱ्या तालुक्यात एकच होता, आणि तो माझा थोरला दीर होता. आम्ही त्यांना भावजी म्हणत असू. त्यांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. विलायत कुठे आहे असं विचारलं तर ते अनमोड घाटाकडे बोट दाखवत. घाट उतरला की गोवा, गोवा संपला की समुद्र, आणि समुद्राला दुसरा काठ असणारच, एवढा त्यांचा भूगोल पक्का होता.

भावजींची लाकडाची लॉरी होती. गुंद, अणशीकडच्या डेपोतून ओंडके भरायचे, रामनगरला घरी येऊन जेवायचं आणि घाटाने मडगावला उतरायचं, असा त्यांचा धंदा. मडगावात एका शिंप्याच्या दुकानासमोर लॉरी उभी करण्याइतकी सावली होती. ह्या शिंप्याचा भाऊ बोटीवर नोकरीला होता आणि तो येताना कॅसेटी, इंग्रजी मासिकं असं काहीबाही घेऊन यायचा. ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. भावजी एका दुपारी त्या सावलीत बसलेले असताना शिंप्याच्या टेपवर तो बँड लागला, आणि भावजींच्या हातातली सोडा-बाटली तशीच राहिली. पुढे हा प्रसंग ते भेटेल त्याला सांगत. "ढोल असा वाजत हुता, जणू लोडची लॉरी पैल्या गियरात घाट चढतीया आणि थांबायचं नाव न्हाई." शिंप्याकडून ती कॅसेट त्यांनी मागून आणली, लॉरीत देवाच्या तसबिरीखाली टेप बसवला, आणि कॅसेटीची एक बाजू चढाला व दुसरी उताराला अशी कायमची वाटणी करून टाकली. चढाची बाजू दणकट ढोलाची, उताराची बाजू संथ सुरांची. उताराला ढोलाची बाजू लागली तर ब्रेक ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एकदा घाटमाथ्यावर कॅसेट अडकली. ती नखाने सोडवून उलटी घालीपर्यंत ह्यांनी लॉरी भर रस्त्यात उभी केली. मागे गाड्या तुंबल्या. शिव्या द्यायला पुढे आलेल्या एका ड्रायव्हरला भावजींनी समजावून सांगितलं की, बाबा, उतार लागला, आता बाजू बदलायला नको का. तो माणूस परत जाऊन आपल्या गाडीत बसला म्हणे.

बँडचं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. ते "आमची मंडळी" एवढंच म्हणत. मंडळी चार होती, आणि कॅसेटीवरच्या फोटोत बघून भावजींनी चौघांचं बारसं केलं होतं. पिवळ्या केसांचा गाणारा तो सोन्या. गिटार घेऊन एका बाजूला वाकलेला तो लांबड्या. जाड तारांची गिटार वाजवणारा, कुठल्याच फोटोत न हसलेला, तो मुका. आणि ढोलवाला तो पाटील, कारण बाकीचे तिघे उभे आणि हा एकटा बसलेला. सगळे उभे असताना जो बसतो तो पाटील, ह्याला आणखी काय पुरावा पाहिजे. मी धाकट्या भावाची बायको, त्यामुळे भावजींसमोर बोलायची पद्धत नव्हती. पण चुलीपाशी बसून मला चौघांचं सगळं कळत असे. सोन्याला गळ्यासाठी ज्येष्ठमध द्यायला पाहिजे, मुक्याचं लग्न झालं तर तो बोलायला लागेल, असं भावजी जेवताना सांगत आणि जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, आमटी वाढता वाढता विचारत, "आणि तुमच्या पोरीच्या फ्राकाचं काय झालं, ते सांगा आधी."

कारण कपड्यांचा विषय आमच्या घरात बँडशी जोडलेला होता. शिंप्याच्या दुकानात रिकाम्या हाताने बसून बातम्या विचारायच्या हे भावजींना लाजिरवाणं वाटे. म्हणून ते दर खेपेला काहीतरी शिवायला टाकत. शिंपी मशीन चालवता चालवता मासिकातलं वाचलेलं कोकणीत सांगे. त्यामुळे बातमी जेवढी मोठी तेवढा कपडा मोठा. मंडळींची नवी कॅसेट निघाली, एवढीच बातमी असेल तर उशीची खोळ. मुका आजारी पडला तेव्हा अक्कांचा पोलका झाला. सोन्याने पहिली बायको सोडून दुसरी केली त्या वेळी पोलका, परकर आणि आमच्या ह्यांचा लेंगा असं सगळं झालं. ही बातमी ऐकल्यावर अक्कांनी सोन्याचा आवाज घरात चालणार नाही म्हणून सांगितलं. भावजींनी पुष्कळ विनवलं, पण अक्का म्हणाल्या, "त्या पैलीला बोलवा आणि नांदवा म्हणावं, मग गाऊ दे." म्हणून किती तरी दिवस आमच्या पडवीत सोन्या गायला लागला की भावजी आवाज बारीक करत आणि नुसता ढोल आला की मोठा करत.

गाण्यांचे अर्थही भावजींनी आपले आपणच लावले होते. एका गाण्यात सोन्या लांबलचक हाक घालतो, मग सगळे गप्प होतात, मग परत हाक. हे गाणं हरवलेल्या म्हशीचं आहे, असं त्यांनी ठरवलं होतं. संध्याकाळी रानात हाक मारून कान देऊन उभं राहतात, ते अगदी असंच. शिंप्याने सांगून पाहिलं की हे प्रेमाचं गाणं आहे. भावजींनी घरी येऊन आम्हांला सांगितलं की माणूस चांगला आहे, पण शहरातला, त्याला म्हशीचं काय कळणार. आता मला विचाराल तर ते गाणं लागलं की आमच्या गोठ्यातली म्हैस खरोखरच मान वर करायची.

ह्या मंडळींची कारकीर्द केवढी लांब म्हणायची. मी लग्न होऊन आले तेव्हा ते ऐन भरात होते. माझा थोरला रांगायला लागला तोवर त्यांनी चामड्याचे कपडे टाकून चकाकणारे घातले होते. धाकटी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी त्यांनी ढोलाच्या जागी विजेचं यंत्र आणून बसवलं. ह्या यंत्रापायी भावजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. माणूस समोर बसलेला असताना यंत्राला ढोल बडवायला लावायचं, हा पाटलाचा अपमान आहे, असं ते जोयड्याच्या चहाच्या हॉटेलात जाऊन बोलले, आणि तिथे तहसील कचेरीच्या कामाला आलेल्या माणसांनीही मान हलवली. हॉटेलात त्यांना बघितलं की लोक विचारायचेच, "काय म्हणत्यात पावणे?" चेष्टेने विचारत, पण विचारून झाल्यावर ऐकत बसत.

ह्या सगळ्या कौतुकातून एक नुकसान मात्र झालं, आणि ते भावजींना फार महागात पडलं. भावजी लॉरीवर नसत तेव्हा पखवाज वाजवत. गावच्या देवळात एकादशीला भजन असे. पेटीवर गिरणीवाले बसत. आमच्या गावची पिठाची गिरणी त्यांची, आणि भावजींची त्यांची मैत्री चड्डीत असल्यापासूनची. पेटी आणि पखवाज दोघांनी मिळून बेळगावहून आणलेले. आधी पेटी कुणी उचलायची ह्यावरून भांडत भांडत आले, असं सांगतात. एकाने सूर धरायचा आणि दुसऱ्याने त्याला सांभाळून घ्यायचं, अशी त्यांची वर्षानुवर्षांची रीत. पण पाटलाचा ढोल ऐकून ऐकून भावजींच्या हातात काय शिरलं कुणास ठाऊक. एका एकादशीला गिरणीवाले डोळे मिटून अगदी हळू आळवत होते, अभंगातली सगळ्यांत शांत जागा होती, आणि भावजींनी अनमोड घाट चढवायला घेतला. एकेक टाळ गप्प झाला. भावजी डोळे मिटून वाजवतायत, घाम गळतोय, देवळाबाहेरची कुत्री उठून उभी राहिली, आणि घाट काही संपेना. गिरणीवाल्यांनी भाता बंद केला. "हे भजन हाय का शिमगा?" असं विचारलं. भावजी म्हणाले, "तुला दळणाशिवाय कुठला ताल कळणार?" गिरणीवाल्यांनी पेटी मिटली, कड्या लावल्या, आणि उचलून घरी गेले.

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. एकादशीचं भजनही बंद, कारण पेटी एकाच्या घरी आणि पखवाज दुसऱ्याच्या. आमच्या घरचं दळण गावातल्या गिरणीत न्यायचं नाही असा भावजींचा हुकूम झाला. अक्का आणि मी जोंधळ्याचा न् गव्हाचा डबा घेऊन एष्टीने लोंढ्याला जायला लागलो. देवाच्या भजनात एका माणसाने थोडं जास्त वाजवलं म्हणून दोन बायकांनी पीठ दळायला दुसऱ्या तालुक्यात जावं, हे फक्त आमच्याच घरात घडू शकतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. भावजी ती मधूनमधून लावून बघत, एक थाप मारत, आणि म्हणत की लोंढ्याच्या पिठाला नाद नाही. मग पखवाज परत खुंटीला. बाहेर कडक असले तरी गिरणीसमोरून जाताना त्यांची लॉरी आपोआप हळू होई. आत पट्टा फिरत असे, गिरणीवाले पाठमोरे उभे राहत, आणि लॉरी पुढे गेली की वळून बघत. हे अक्कांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं, आणि दोघी बोललो नव्हतो. भावजींना दुसरा मित्र नव्हता. लॉरीवरच्या माणसाला ओळखी शंभर असतात, पण घरी आल्यावर पडवीत येऊन बसणारा एकच असतो.

आणि गंमत बघा, ह्याच सुमाराला तिकडे विलायतेत मंडळींचंही फाटलं. सोन्या म्हणाला गाणी माझी, लांबड्या म्हणाला चाली माझ्या. बँडचं नाव कुणी लावायचं ह्यावरून कोर्टात गेले. इतर लोकांना हे समजायला वेळ लागला असेल, भावजींना एका क्षणात समजलं. शुद्ध भाऊबंदकी. ती बातमी सांगायला शिंप्याला इतका वेळ लागला की भावजींना अख्खा सूट शिवावा लागला. तो त्यांनी कधी घातला नाही. पण पडवीत बसून ते तासन्‌तास न्याय देत. सोन्याने एक पाऊल मागं यावं. लांबड्याने तोंड सांभाळावं. एवढी वर्षं एकत्र वाजवलं, एका शब्दावरून मोडतंय का ते? आतून अक्का म्हणायच्या, "त्यास्नी सांगून घसा कशाला सुकवताय? गिरणी जवळ हाय की." भावजी लगेच टायरला हवा आहे का ते बघायला उठत.

पाटील मात्र शहाणा निघाला. तो म्हणे प्रत्येकाच्या दारात जाऊन आला, एकदा तरी परत बसू या, म्हणून. कुणी ऐकलं नाही. भावजी हे सांगताना पाटलाचं नाव असं घेत जसं आपण घरातल्या वडीलधाऱ्याचं घेतो.

नव्वदनंतरची गोष्ट. एका संध्याकाळी भावजी मडगावहून आले ते नेहमीसारखा वळणावर हॉर्न न वाजवता. पायरीखालीच थांबले आणि अक्कांना म्हणाले की न्हाणीत पाणी ठेव, मला शिवू नका. अक्कांनी कोण म्हणून विचारलं. "पाटील गेला," भावजी म्हणाले. अक्का होत्या तिथे खाली बसल्या. आमच्या ह्यांनी आधी हसू दाबलं, मग समजुतीने सांगितलं, "अण्णा, तो किरिस्ताव माणूस. त्यांच्यात सुतक नसतंय."

"त्यांच्यात नसंल," भावजी म्हणाले, "माझ्यात हाय."

लॉरी उभी राहिली. भावजींनी डोक्याला तेल लावलं नाही, गादीवर झोपले नाहीत, गोड खाल्लं नाही. दहाव्याचं विचारायला भटजींकडे गेले. भटजींनी गोत्र विचारलं. माहीत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, माहीत नसलेल्यांचं काश्यप. मग नाव विचारलं. भावजींनी शिंप्याकडून पाठ करून आणलेलं नाव सांगितलं. भटजींनी ते म्हणण्यासाठी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी म्हणाले की मंत्राबिंत्रात मी पडत नाही, पण कावळ्याला भात घालायला कुणाचीच बंदी नाही.

दहाव्याला बायका जात नाहीत. पण अक्का म्हणाल्या की त्याच्या घरचं बाईमाणूस इथं कोण आहे, आम्हीच जायला पाहिजे. म्हणून आम्ही चौघं नदीवर गेलो. भावजींनी भाताचा पिंड केला. मेलेल्या माणसाच्या आवडीचं काही ठेवतात, पण पाटलाला काय आवडत होतं? शिंप्याने एकदा सांगितलं होतं की हा माणूस उकडलेल्या बटाट्यावर आणि दारूवर जगतो. अक्कांनी केळीच्या पानावर उकडलेला बटाटा ठेवला, आणि पदराआडून फेणीची लहानशी बाटली काढून वाटीत ओतली. ती कुठून आणली हे मी अजून विचारलेलं नाही.

आम्ही लांब सरून बसलो. समोरच्या मत्तीच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. पिंडाला कावळा शिवला नाही तर मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, आणि कशात ते ओळखून घरच्यांनी शब्द द्यायचा असतो. भावजी हात जोडून पुढे झाले. तुझ्या बायकापोरांना काही कमी पडणार नाही, म्हणाले. आमचे हे हळूच पुटपुटले की कुठून देणार. कावळे हलले नाहीत. तुझा ढोल कुणाला विकू देणार नाही, म्हणाले. नाही. ते विजेचं यंत्र मोडून टाकायला सांगतो, म्हणाले. एका कावळ्याने मान वाकडी केली, आणि परत सरळ केली. ऊन वर आलं. भावजींचा चेहरा उतरत चालला. मनातून हसायला आलेले आम्हीही आता हसत नव्हतो.

तेवढ्यात मागून पावलं वाजली. गिरणीवाले उभे होते. गिरणी चालू टाकूनच आलेले दिसत होते, भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या. भावजींकडे त्यांनी पाहिलं नाही. आमच्या ह्यांना म्हणाले, "त्याला म्हणावं, पाटलाचा जीव मंडळीत अडकलाय. दारोदार फिरला, कोण ऐकलं न्हाई. दुसरं काय असणार?"

म्हणजे पाटील दारोदार फिरला हे गिरणीवाल्यांनाही ठाऊक होतं. भावजींशी बोलत नव्हते, पण मंडळींची खबर कुठून तरी घेत होते.

भावजीही ह्यांनाच म्हणाले, "त्याला सांग, विलायतेतल्या तिघांच्या वतीनं मी कसा शब्द देऊ? माझं कोण ऐकणार तिकडं?"

"विलायतेतलं कोण मागतंय?" गिरणीवाले म्हणाले. "इथलं बोल म्हणावं."

भावजी बराच वेळ पिंडाकडे बघत राहिले. मी त्यांना घाट चढताना पाहिलेलं नाही, पण एवढा वेळ त्यांना कुठल्याच चढाला लागला नसेल. मग त्यांनी हात जोडले.

"पाटील," ते म्हणाले, "येत्या एकादशीला आम्ही बसतो. पेटी त्याची, सूर त्याचा. मी मधी घुसणार न्हाई."

एक कावळा उतरला. अगोदर तो बटाट्यावर उतरला हे मी खोटं सांगणार नाही. पण मग त्याने पिंडालाही चोच लावली, आणि अक्कांनी डोळ्यांना पदर लावला. परत येताना भावजी आणि गिरणीवाले पुढे चालत होते. बोलत नव्हते, पण एकाच वाटेने चालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी न विचारता दळणाचा डबा डोक्यावर घेतला आणि गावच्या गिरणीकडे वळल्या.

एकादशीला देवळात माणूस मावेना. भावजींनी शब्द इतका कडक पाळला की विचारू नका. गिरणीवाले धरतील त्या लयीत, सांगतील तेवढंच, एक बोट जास्त नाही. पखवाज वाजतो आहे की तांदूळ पाखडतायत, असं वाटावं. दोन अभंग असे झाले. तिसऱ्यात ती शांत जागा आली, तिथे गिरणीवाल्यांनी आपणहून भाता थांबवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ भावजींच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "वाजीव की तुझ्या पाटलाचं जरा."

भावजींनी दोन्ही हात पखवाजावर ठेवले. आम्ही सगळे वाट बघत होतो. हात उचललेच नाहीत. ते तसेच बसून राहिले, मान खाली घालून, आणि गिरणीवाल्यांनी मग हलकेच भाता ओढून अभंग पुढे नेला.

त्यानंतर मंडळींची खबर फारशी कळली नाही. बोटीवरचा भाऊ परत आला नाही, शिंप्याने दुकान आवरलं आणि मुलाकडे निघून गेला. लाकडाचं काम कमी झालं तशी भावजींनी लॉरीही विकली. राहिलेल्या तिघांचं कोर्टात काय झालं, ते कधी एकत्र आले का, हे सांगणारं आता आमच्या तालुक्यात कुणी उरलं नाही. एकदा संध्याकाळी गिरणीवाले आमच्या पडवीत बसले होते. मी चहा ठेवून आत वळले तेव्हा ते भावजींना विचारत होते, "ते तिघं बोलत असतील का रं आता?"

भावजींनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि अनमोडच्या बाजूला बघितलं.

"न्हाई वाटत," ते म्हणाले. "त्यांच्याकडं पिंडाला कावळा न्हाई. बोला म्हणून सांगणार कोण?"